शेवटच्या तीन गड्यांचे मोल

पैशाने जगातील सर्व काही विकत घेता येते असे मानणारा एक पक्ष आहे, आणि खरोखर मोलाचे असे काहीच पैशाने मिळत नाही असे मानणारा दुसरा. शाळांच्या वक्तृत्वस्पर्धांत या दोन पक्षांची दरवर्षी गाठ पडते, टाळ्याही दोघांस सारख्याच मिळतात, आणि प्रश्न मात्र जेथल्या तेथे राहतो. हा प्रश्न अशा ठिकाणी नेऊन पाहावा, जेथे घेतलेल्या वस्तूची किंमतही आकड्यांत लिहिलेली असते आणि तिच्यापासून मिळालेले फळही आकड्यांतच मांडलेले असते. अशी ठिकाणे संसारात फार थोडी. व्यावसायिक खेळांचा बाजार हे त्यांपैकी एक होय. म्हणून अमेरिकेतील बेसबॉल या खेळाच्या एका लहानशा कोपऱ्याचा विचार आम्ही येथे योजिला आहे. गोमंतकातील मुलांस फुटबॉल आणि क्रिकेट घरचे, बेसबॉल परका, हे आम्ही जाणतो. परंतु परक्याचा जमाखर्च तपासताना आपला राग-लोभ आड येत नाही, हाही एक लाभच आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊ. बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघास नऊ डाव मिळतात आणि प्रत्येक डाव तीन गडी बाद होईपर्यंत चालतो. चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. सामन्याचा आरंभ करणारा पिचर साधारणपणे पाच-सहा डाव चेंडू फेकतो. तोवर त्याचा खांदा थकतो, फलंदाजांस त्याची फेक ओळखीची होते, आणि त्याच्या जागी ताज्या दमाचा गडी आणावा लागतो. क्रिकेटमधील गोलंदाज थोडा विसावा घेऊन पुन्हा चेंडू हाती घेऊ शकतो; बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला गडी त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून प्रत्येक संघ सात-आठ बदली पिचर हाताशी ठेवतो. ज्या जागेत हे गडी आपली पाळी येईपर्यंत बसतात व हात मोकळा करतात, तिला बुलपेन म्हणतात. शब्दशः अर्थ केला तर बैलांचा गोठा! पुढे जागेचे नाव माणसांस चिकटले आणि बदली पिचरांच्या सबंध ताफ्यालाच बुलपेन म्हणू लागले.

या ताफ्यात सर्वांत मानाची आणि सर्वांत धोक्याची जागा क्लोजरची. आपला संघ एक-दोन धावांनी पुढे असताना नवव्या डावात यावयाचे आणि शेवटचे तीन गडी बाद करावयाचे, एवढेच त्याचे काम. न्यूयॉर्क यांकीज संघाच्या मारियानो रिव्हेरा याने 2013 मध्ये निवृत्त होईपर्यंत असे 652 सामने राखले. हा पनामा देशातील एका कोळ्याचा मुलगा. ऐन उमेदीत बापाच्या होडीवर राबलेला. रापण ओढणाऱ्या घरांतील आमच्या मुलांस त्याच्या मनगटाच्या बळाचे नवल वाटणार नाही. 2019 मध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठी झालेल्या निवडीत सर्वच्या सर्व मते मिळवणारा तो पहिला खेळाडू ठरला. परंतु रिव्हेरा एकच झाला; आणि तीसही संघ दर हिवाळ्यात दुसरा रिव्हेरा शोधीत बाजारात हिंडत असतात.

या बाजाराची वेळ ठरलेली आहे. शरद ऋतूत अंतिम मालिका संपली, की ज्यांचे करार पुरे झाले असे खेळाडू मोकळे होतात आणि त्यांच्यासाठी बोली सुरू होते. लॉस एंजलिस डॉजर्स या संघाने 2024 चे अजिंक्यपद मिळवले होते. तरीही पुढच्या हिवाळ्यात त्याने बुलपेनसाठी थैली सैल सोडली. टॅनर स्कॉट यास चार वर्षांसाठी 7 कोटी 20 लक्ष डॉलर, ब्लेक ट्रायनेन यास दोन वर्षांसाठी 2 कोटी 20 लक्ष, आणि कर्बी येट्स यास एका वर्षासाठी 1 कोटी 30 लक्ष, अशी तिघांची मिळून 10 कोटी 70 लक्ष डॉलरची खरेदी झाली. खरेदी आंधळी मुळीच नव्हती. 2024 च्या हंगामात दर नऊ डावांमागे स्कॉटने सरासरी 1.75 धावा दिल्या होत्या, तर येट्सने अवघ्या 1.17. तीन धावांच्या आत राहणारा पिचर तेथे चांगला समजतात. हे तर त्याहून कितीतरी सरस. जाणत्यांनी वाहवा केली, प्रतिस्पर्ध्यांनी हात चोळले.

पुढे काय झाले? 2025 मध्ये याच स्कॉटची सरासरी 4.74 वर गेली, येट्सची 5.23 वर, आणि ट्रायनेनची 5.40 वर. राखावयाचे दहा सामने स्कॉटच्या हातून निसटले. 5 सप्टेंबर 2025 रोजी बाल्टिमोर येथे त्याच्या चेंडूवर शेवटच्या डावात होमरन बसला आणि सामना गेला. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर योशिनोबू यामामोटो या जपानी पिचरने आठ डाव आणि वर दोन गडी होईपर्यंत प्रतिपक्षास एकही यशस्वी फटका मारू दिला नव्हता. फलकावर तीन विरुद्ध शून्य. आणखी एक गडी बाद झाला असता, तर ते इतिहासात नोंदवण्याजोगे काम ठरले असते. तोच त्याच्या चेंडूवर होमरन बसला; तरीही दोन धावांची आघाडी शिल्लक होती आणि फक्त एक गडी उरला होता. ट्रायनेन आला, त्याने फटका दिला, एकास चेंडू लागला, दोघांस फुकट चाल दिली, आणि आघाडी एका धावेवर आणून ठेवली. मग स्कॉट आला. त्याच्यावर बसलेल्या फटक्याने दोन धावा झाल्या आणि डॉजर्स चार विरुद्ध तीन असे हरले. 10 कोटी 70 लक्ष डॉलरच्या ताफ्यास एक गडी बाद करता आला नाही.

येथे घाईने हसू नये. हे खेळाडू आळशी झाले होते, पैसा पाहून मातले होते, असे म्हणणे सोपे आहे. परंतु तसे म्हणण्यास आम्हांस काही आधार दिसत नाही. खरे कारण गणिताचे आहे, आणि ते दहावीच्या विद्यार्थ्यास सहज समजावे. यामामोटोसारखा आरंभीचा पिचर वर्षात सुमारे 174 डाव टाकतो. स्कॉटने 2025 मध्ये टाकले 57. या 57 डावांत 1.75 आणि 4.74 या दोन सरासऱ्यांमधील अंतर म्हणजे प्रत्यक्षात सुमारे एकोणीस धावा होत. सहा महिन्यांच्या हंगामात एकोणीस धावा! एखादा चेंडू दोन बोटे वर राहिला, एखादा फटका दोन हात अलीकडे पडला, एवढ्यावर ही वजाबाकी फिरते. नमुना जितका लहान, तितका त्यावरून बांधलेला अंदाज कच्चा. हे संख्याशास्त्राचे पहिले सूत्र आहे. त्यात पुन्हा बदली पिचर प्रत्येक चेंडू सर्व बळ एकवटून फेकतो, आणि माणसाचा कोपर व खांदा हे काही पोलादाचे केलेले नाहीत. बाजारात जी किंमत ठरते ती कालच्या कामगिरीची असते. खरीदणारास हवी असते उद्याची. या दोहोंमध्ये एक रात्र असते, आणि त्या रात्रीची हमी कोणताही करार देत नाही.

एडविन डियाझ या पोर्टोरिकन क्लोजरची गोष्ट याहून बोलकी आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने त्यास पाच वर्षांसाठी 10 कोटी 20 लक्ष डॉलर देऊ केले. बदली पिचरला दहा कोटींवर रक्कम मिळण्याची ती पहिलीच वेळ. चार महिने गेले. मार्च 2023 मध्ये जागतिक स्पर्धेत आपल्या देशाच्या संघास विजय मिळवून देऊन तो सोबत्यांबरोबर आनंदाने उड्या मारीत असता गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि सबंध हंगाम त्यास घरी बसून काढावा लागला. चेंडू फेकताना नव्हे, धावताना नव्हे, आनंद करताना! त्या वर्षी मेट्सचा वेतनखर्च बेसबॉलच्या तोवरच्या इतिहासात सर्वाधिक होता; संघाने 75 सामने जिंकले आणि 87 गमावले.

तर मग पैसा निरुपयोगी ठरला का? ज्यांना असा निष्कर्ष काढण्याची घाई झाली असेल त्यांनी 2025 च्या अखेरीस काय झाले ते पाहावे. तेच डॉजर्स, तोच गळका बुलपेन घेऊन, पुन्हा अजिंक्य झाले. लागोपाठ दोन वर्षे हा मान त्यापूर्वी सर्वांत अलीकडे 1998 ते 2000 या काळातील यांकीजना साधला होता. हे घडले कसे, यातच आमच्या विषयाचे मर्म आहे.

ज्यांच्यावर पैसा ओतला होता ते तिघे त्या शेवटच्या परीक्षेत जवळजवळ बाजूस राहिले. स्कॉट शस्त्रक्रियेमुळे संघाबाहेर गेला. क्लोजरची जागा रोकी सासाकी या तेवीस वर्षांच्या जपानी तरुणास दिली गेली. मूळचा तो आरंभीचा पिचर, खांद्याच्या दुखण्यातून नुकताच उठलेला, आणि वेतन नियमाने ठरलेले किमान. 27 ऑक्टोबर 2025 रोजी टोरांटो ब्लू जेजविरुद्ध अंतिम मालिकेतील तिसरा सामना नऊ डावांत न संपता अठरा डावांपर्यंत लांबला. बुलपेन रिकामा झाला आणि बाकावर एकटा विल क्लाइन उरला. जून महिन्यात सिॲटलकडून फारसा गाजावाजा न होता आणलेला हा गडी. त्या शरदातील आधीच्या कोणत्याही मालिकेसाठी त्याची निवडदेखील झाली नव्हती. वरिष्ठ स्पर्धेत त्याने कधी दोनाहून अधिक डाव टाकले नव्हते. त्या रात्री त्याने चार डावांत 72 चेंडू टाकले आणि एकही धाव दिली नाही. सामना डॉजर्सनी सहा विरुद्ध पाच असा जिंकला.

पुढे 31 ऑक्टोबरला सहाव्या सामन्यात यामामोटोने 96 चेंडू टाकून संघास तगवले. दुसऱ्याच दिवशी, 1 नोव्हेंबरला, निर्णायक सातवा सामना. एरवी अशा श्रमानंतर पिचरला चार-पाच दिवसांची विश्रांती देतात. या सामन्यात टोरांटोचा संघ नवव्या डावात चार विरुद्ध तीन असा पुढे होता आणि अजिंक्यपदासाठी त्यास दोनच गडी बाद करावयाचे होते. चेंडू होता जेफ हॉफमन याच्या हाती. यासही त्याच मागील हिवाळ्यात टोरांटोने तीन वर्षांसाठी 3 कोटी 30 लक्ष डॉलर मोजून घेतले होते, आणि ते नेमक्या याच क्षणासाठी. मिगेल रोहास या छत्तीस वर्षांच्या गड्याने, ज्याच्याकडून होमरनची अपेक्षा कोणी करू नये, चेंडू प्रेक्षकांत भिरकावला आणि सामना बरोबरीत आला. मग आदल्या दिवशी थकलेला यामामोटो बुलपेनमधून चालत आला, अडीच डावांहून अधिक काळ उभा राहिला, आणि अकराव्या डावात डॉजर्सनी पाच विरुद्ध चार असा जय मिळवला.

ही कथा ऐकून तत्त्वनिष्ठ पक्ष म्हणेल, पाहा, पैशाने घेतलेले बाजूस पडले आणि निष्ठेने जिंकून दिले! परंतु थांबा. त्या निष्ठावंत यामामोटोचा करार बारा वर्षांसाठी 32 कोटी 50 लक्ष डॉलरचा आहे. निष्ठा त्याची स्वतःची, यात शंका नाही. तो त्या संघात असणे मात्र पैशाचेच फळ. उलट व्यवहारी पक्ष म्हणेल, पाहा, शेवटी पैसाच जिंकला! त्यांनी मेट्सकडे पाहावे. 2025 मध्येही त्या संघाने पाण्यासारखा पैसा खर्च केला आणि तो अंतिम फेऱ्यांत पोहोचलासुद्धा नाही. मग पैशाने डॉजर्सना दिले तरी काय? आमचे उत्तर असे: पैशाने त्यांना विजय दिला नाही, पैशाने त्यांना चूक करण्याची मुभा दिली. बुलपेनची सबंध खरेदी फसली, तरी कोठारात दुसरे धान्य होते. ज्याच्या घरी चार कणग्या आहेत त्याची एक उंदरांनी खाल्ली तर तो हळहळतो. ज्याच्या घरी एकच आहे तो उपाशी राहतो.

ही मुभा किती महाग असते, तेही पाहण्यासारखे आहे. आपल्याकडील क्रिकेटच्या आयपीएल स्पर्धेत प्रत्येक संघास ठराविक रकमेच्या आतच खेळाडू घ्यावे लागतात. 2025 च्या हंगामासाठी ती रक्कम ₹120 कोटी होती. बेसबॉलमध्ये अशी कमाल मर्यादा नाही. तेथे एक उंबरठा ठरवतात व तो ओलांडणाऱ्यावर चैनकर बसवतात. 2025 साठी हा उंबरठा 24 कोटी 10 लक्ष डॉलर होता. त्याच्या पुढे पायऱ्या आहेत, आणि जो संघ वर्षानुवर्षे उंबरठा ओलांडतो त्याच्यासाठी कराचा दरही चढत जातो. सर्वांत वरच्या, म्हणजे 30 कोटी 10 लक्षांच्या पायरीपलीकडे डॉजर्सना प्रत्येक डॉलरमागे 1 डॉलर 10 सेंट कर द्यावा लागे. म्हणजे खेळाडूच्या हाती एक डॉलर पडण्यासाठी तिजोरीतून दोन डॉलर दहा सेंट काढावयाचे! 2025 साली करासाठी मोजलेला त्यांचा वेतनखर्च सुमारे 41 कोटी 70 लक्ष डॉलर झाला आणि त्यावर 16 कोटी 94 लक्ष डॉलर कर बसला. कित्येक संघांचा वर्षाचा सबंध वेतनखर्च या कराहून कमी होता. आणि एवढे होऊनही डिसेंबर 2025 मध्ये या संघाने त्याच एडविन डियाझला तीन वर्षांसाठी 6 कोटी 90 लक्ष डॉलर देऊन घेतले. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. परंतु ज्यास अंथरूणच वाटेल तेवढे वाढवता येते, त्यास ही म्हण कोणी व कशी ऐकवावी?

आता दुसऱ्या टोकाचे एक घर पाहू. मिलवॉकी हे या स्पर्धेतील सर्वांत लहान नगरांपैकी एक. तेथील ब्रुअर्स संघाचा वेतनखर्च डॉजर्सच्या निम्म्याहूनही कमी. या संघाने क्लोजर विकत घेण्याऐवजी घडवण्याची व वेळीच देऊन टाकण्याची रीत पाडली. जॉश हेडर नामांकित झाला, त्याचा भाव आपल्याला पेलणार नाही हे त्यांनी ओळखले, आणि ऑगस्ट 2022 मध्ये आपला संघ गटात आघाडीवर असताना त्यास सॅन डिएगोकडे धाडले. पुढे जानेवारी 2024 मध्ये हेडरला ह्यूस्टनकडून पाच वर्षांसाठी 9 कोटी 50 लक्ष डॉलर मिळाले. हेडरच्या जागी आलेला डेव्हिन विल्यम्सही असाच मोठा झाला, आणि डिसेंबर 2024 मध्ये त्याची रवानगी यांकीजकडे झाली. तेथे 2025 मध्ये त्याची सरासरी 4.79 झाली आणि क्लोजरची जागाही गेली; त्याच्या बदल्यात आलेल्या केलेब डर्बिनने मात्र मिलवॉकीत नियमित स्थान मिळवले. त्या वर्षी ब्रुअर्सनी 97 सामने जिंकले. तीसही संघांत सर्वाधिक.

काटकसरीचे हे यश पाहून कोणासही आनंद व्हावा. पण या रीतीची किंमत लपवू नये. हेडर गेला त्या 2022 च्या वर्षी मिलवॉकीचा संघ अंतिम फेऱ्यांत पोहोचलाच नाही. आणि 2025 मध्ये डॉजर्सशी गाठ पडली तेव्हा चार सामन्यांत प्रत्येकी एक, अशा चारच धावा काढून तो सर्व सामने हरला. तेथील मुलांस आपला आवडता खेळाडू मोठा होताना दिसतो तो निरोप देण्यासाठीच. शहाणपणाने वागून गरीब संघ पुष्कळ पुढे जाऊ शकतो, हे मिलवॉकीने सिद्ध केले. परंतु त्यास प्रत्येक वेळी शहाणेच असावे लागते. एखाद्या 7 कोटी 20 लक्षांच्या खरेदीत तो फसला, तर त्या चुकीची फेड चार वर्षे चालते. आमच्या दृष्टीने विषमतेचे खरे माप येथे आहे. कोणाजवळ किती धन आहे, हा प्रश्न दुय्यम. कोणास किती वेळा चुकता येते, हा मुख्य.

संघमालकांपैकी अनेकांस यावर एकच उपाय सुचतो: वेतनखर्चास कायमची कमाल मर्यादा घालावी. हा उपाय नवा नाही. 1994 साली मालकांनी अशाच मर्यादेचा आग्रह धरला, खेळाडूंनी ऑगस्टमध्ये संप पुकारला, आणि त्या वर्षी अंतिम मालिकाच झाली नाही. 2022 साली दोन्ही पक्षांत झालेला करारही 99 दिवसांच्या टाळेबंदीनंतर झाला. त्याची मुदत 1 डिसेंबर 2026 पर्यंतची. म्हणून या वादात खेळाडूंची बाजूही समजून घेणे अगत्याचे आहे. एके काळी तेथील खेळाडू संघाशी जन्माचा बांधलेला असे. मालक देईल ते वेतन घ्यावे आणि पाठवील तेथे जावे. 1969 मध्ये कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूस सेंट लुईसच्या संघाने त्याची संमती न विचारता फिलाडेल्फियास दिले, तेव्हा आपण काही विकण्या-घेण्याची जिन्नस नव्हे, अशी भूमिका घेऊन तो न्यायालयात गेला. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला, त्याची कारकीर्दही गेली. पण त्याने पेटवलेला विचार विझला नाही, आणि 1975 मध्ये लवादाच्या निर्णयाने खेळाडू मोकळे झाले. आजही वरिष्ठ स्पर्धेत सहा वर्षे सेवा झाल्यावाचून खेळाडूस आपला संघ निवडता येत नाही. पहिली तीन वर्षे बहुतेकांस किमान वेतनाच्या आसपासच काढावी लागतात. 2025 साली ते 7 लक्ष 60 हजार डॉलर होते. आपल्या दृष्टीने ही रक्कम प्रचंड. परंतु बदली पिचरचा खांदा त्याच सहा वर्षांत सर्वांत धडधाकट असतो. संघ त्याचे ऐन तारुण्य स्वस्तात घेतो आणि मग त्याच्या उतरणीची किंमत फार झाली म्हणून ओरडतो. यात दोष खेळाडूचा कसा?

शिवाय कमाल मर्यादेने श्रीमंतास चुकण्याची मुभा कमी होईल, हे खरे. परंतु गरिबास ती अधिक मिळेल, असे मुळीच नाही. वाचलेला पैसा मालकाच्या खिशात राहील, मिलवॉकीच्या मैदानावर येणार नाही. विषमतेचे मूळ वेतनात नसून उत्पन्नात आहे. 2013 साली डॉजर्सनी आपल्या सामन्यांच्या दूरचित्रवाणी-हक्कांसाठी पंचवीस वर्षांचा जो करार केला, त्याची रक्कम 835 कोटी डॉलर असल्याचे प्रसिद्ध झाले. लहान नगरातील संघास असा करार स्वप्नातही मिळणे नाही. आणि तरीही सामना काही एकट्या डॉजर्सचा नसतो. समोर कोणी उभे राहिल्यावाचून खेळ होतच नाही. अमेरिकेतील फुटबॉलमध्ये देशव्यापी दूरचित्रवाणीचे उत्पन्न सर्व संघ सारखे वाटून घेतात. बेसबॉलमध्ये स्थानिक उत्पन्नाची काही वाटणी होते, ती आणखी वाढवावी. ज्यास वाटा मिळेल त्याने तो खेळाडूंवरच खर्च करावा, असे किमान बंधन घालावे. आणि तरुण खेळाडूस त्याच्या भराच्या काळातच योग्य वेतन मिळावे. असे झाल्यास श्रीमंत संघाचे पाय ओढावे लागणार नाहीत, आणि गरीब संघासही एखादी चूक करून उभे राहता येईल. आमचे मत एवढेच.

विद्यार्थिमित्रांनो, परक्या देशातील एका खेळाचा हिशेब इतका वेळ मांडला तो केवळ कुतूहल म्हणून नव्हे. चुकण्याची मुभा सर्वांस सारखी नसते, हे शिक्षकाच्या पेशात रोज दिसते. सुस्थितीतील घरचा मुलगा एखाद्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाला, तर त्याच्यासाठी शिकवणी लागते, वर्ष पुन्हा काढता येते, आणि दोन वर्षांनी ते अपयश कोणास आठवतही नाही. मोलमजुरी करणाऱ्या घरची मुलगी तितक्याच गुणांनी अनुत्तीर्ण झाली, तर पुष्कळदा जून महिन्यात हजेरीपटावर तिचे नाव नसते. दोघांची चूक एकच. एकीची किंमत मात्र सबंध आयुष्य. पुरवणी परीक्षा, शिष्यवृत्ती, संध्याकाळी उघडे राहणारे ग्रंथालय, आणि पुन्हा ये असे सांगावयास घरापर्यंत जाणारा शिक्षक, या सर्वांचा खरा अर्थ दयेचा नाही. ज्यांच्या घरी एकच कणगी आहे त्यांस दुसरी देण्याचा तो प्रयत्न होय.

आणि ज्यांना आज आपण संघातील शेवटचे नाव आहोत असे वाटत असेल, त्यांनी अठरा डावांच्या त्या रात्रीचे स्मरण ठेवावे. त्या रात्री डॉजर्सच्या हाताशी काय उरले आहे, हे कोणत्याही वेतनपत्रकात लिहिलेले नव्हते. मात्र विल क्लाइनला बोलावणे आले तेव्हा त्याचा हात मोकळा होता. कारण कोणी बोलावील याची खात्री नसतानाही तो रोज तयारी करीत होता. त्याने आपले काम केले. बाकीच्यांचे काम इतकेच, की असे बोलावणे एकदा तरी प्रत्येकास येईल अशी व्यवस्था करावी.